अर्धऔद्योगिक अर्थव्यवस्थेतील शासन

पुणे-सातारा महामार्गावर खेड-शिवापूर मागे टाकले की भोर तालुक्यातील शिवरे लागते. तालुक्याच्या पश्चिमेस धरणे आणि भातशेती, तर पूर्वेस महामार्गालगत कारखाने, गोदामे व हॉटेले. शेतीवर भागत नाही आणि कारखानदारी पुरती रुजलेली नाही, अशा अवस्थेस अर्धऔद्योगिक म्हणता येईल. १९७० च्या दशकात भारत, ब्राझील, दक्षिण कोरिया यांची गणना याच गटात होत असे.

अशा अर्थव्यवस्थेत खासगी भांडवल तोकडे असते. रस्ता, पाणी व वीज पोहोचल्याशिवाय कारखानदार येत नाही. म्हणून शासनाला पुढाकार घ्यावा लागतो. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा केंद्र सरकारचा कारखाना स्थापन झाला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, अस्तित्वात आले. जमीन संपादित करायची, सुविधा उभारायच्या आणि भूखंड उद्योजकांना द्यायचे, ही त्याची पद्धत. मुंबई-पुणे पट्ट्याबाहेर उद्योग जावेत यासाठी १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली, तर १९६६ मध्ये वित्तपुरवठ्यासाठी सिकॉम.

कोरियाने हेच केले. पण तेथे स्वस्त कर्जाला निर्यातीच्या उद्दिष्टाची अट जोडलेली होती, आणि उद्दिष्ट हुकले की कर्जाचा हात आखडता घेतला जाई. महाराष्ट्रात सवलतीचे माप मुख्यतः गुंतवणूक किती आणि कोणत्या तालुक्यात, हे राहिले. स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या देण्याची अटही आहे. मात्र २००८ च्या शासन निर्णयानुसार 'स्थानिक' म्हणजे राज्यात १५ वर्षे वास्तव्य असलेली व्यक्ती. कारखान्यासाठी जमीन देणारा शेतकरी आणि नागपूरचा उमेदवार या व्याख्येत सारखेच!

१९९१ नंतर शासनाची भूमिका बदलली. स्वतः बांधण्याऐवजी बांधून घेण्याकडे कल वाढला. पुणे-सातारा रस्त्याचे सहापदरीकरण २०१० मध्ये 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' तत्त्वावर खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले. काम रेंगाळले, टोल मात्र सुरू राहिला. खेड-शिवापूरचा टोलनाका हटवावा, यासाठी २०२० मध्ये आंदोलन झाले.

शासन मागे हटले म्हणून येथे उद्योग थांबले नाहीत. पण महामार्गालगत ते आले ते शेतकऱ्यांकडून थेट जमीन घेऊन, भूखंडागणिक. नियोजित वसाहतीत सांडपाणी, अंतर्गत रस्ते आणि अग्निशमन यांना उत्तरदायी महामंडळ असते. येथे तो भार ग्रामपंचायतीवर येतो.