बाह्य हार्ड डिस्कची प्रत काढताना कोणता फॉरमॅट निवडावा?

बृहन्महाराष्ट्रातील अनेक मंडळांनी आणि कुटुंबांनी गणेशोत्सवातील नाटके, व्याख्याने, ज्येष्ठांच्या मुलाखती हार्ड डिस्कवर उतरवून ठेवल्या आहेत. मूळ फिती खराब झाल्या असतील, तर ती डिस्क हीच एकमेव प्रत असते. म्हणून दुसरी प्रत काढावीच, असे आम्ही सुचवतो. त्याआधी नव्या डिस्कचा फॉरमॅट, म्हणजे फायली मांडून ठेवण्याची पद्धत, ठरवावी. फॉरमॅट नंतर बदलताना डिस्कवरील सामग्री सहसा पुसली जाते.

फॅट३२ : जवळजवळ सर्व उपकरणांवर चालतो, पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. डीव्ही कॅसेटवरील एका तासाचे चित्रीकरण सुमारे १३ जीबी भरते. त्यामुळे जागा शिल्लक असूनही नाटकाची फाइल उतरत नाही.

एनटीएफएस : १९९३ पासून विंडोजमध्ये आहे. बदलांची नोंद आधी ठेवत असल्याने मध्येच वीज गेली तरी डिस्कची मांडणी सहसा सावरते. मॅकवर ही डिस्क वाचता येते, पण वेगळे सॉफ्टवेअर घातल्याशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही.

एक्सफॅट : २००६ मध्ये आला. विंडोज आणि मॅक दोन्हींवर वाचता-लिहिता येतो. लिनक्समध्येही कर्नल ५.४ पासून सोय आहे. मोठ्या फायलींची अडचण नाही. मात्र वरीलप्रमाणे नोंद ठेवली जात नाही, म्हणून ‘इजेक्ट’ केल्याशिवाय केबल काढू नये.

एपीएफएस : मॅकवर २०१७ पासून. विंडोज तो स्वतःहून वाचत नाही. अशी डिस्क जोडल्यावर विंडोज ती फॉरमॅट करण्यास सुचवू शकते. तिथे नकारच द्यावा. होकार दिल्यास एकमेव प्रत गमावण्याची वेळ येते.

आमचा सल्ला असा : डिस्क कायम विंडोजवरच वापरायची असेल तर एनटीएफएस, सभासदांमध्ये विंडोज आणि मॅक दोन्ही असतील तर एक्सफॅट. टीव्हीवर लावायची असल्यास टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

मराठी नावांबाबत एक सूचना. लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये फाइलचे नाव २५५ बाइटपर्यंतच चालते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. म्हणजे नाव ८५ चिन्हांतच बसवावे लागते. वर्ष, कार्यक्रम आणि क्रमांक एवढेच लिहावे.

प्रत काढून झाल्यावर दोन्हीकडील फायलींची संख्या आणि एकूण बाइट ताडून पाहावेत, काही फायली शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात. तोवर जुनी डिस्क पुसू नये. पुढे दोन्ही प्रती दोन वेगळ्या घरी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा तरी जोडून तपासाव्यात.