कोल्हापूरच्या खासदारांच्या यादीत बाई कुठाय?

गटाचा हिशेब आपण दर महिन्याला तपासतो. आज आम्ही कळंब्याच्या बायका कोल्हापूरच्या खासदारकीचा हिशेब मांडतोय.

कोल्हापूरच्या मतदारांना गृहीत धरून चालत नाही. 1952 ला बाळासाहेब खर्डेकर अपक्ष निवडून आले. 1957 ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत इथल्या दोन्ही जागा काँग्रेसविरोधकांनी घेतल्या. शेकापचे भाऊसाहेब महागावकर आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे एस. के. दिगे. 1980 पासून उदयसिंगराव गायकवाड सलग पाच वेळा जिंकले. 2009 ला पक्षानं तिकीट नाकारलं, तरी सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहून निवडून आले. 2024 ला शाहू छत्रपती.

म्हणजे पक्ष बदलले, माणसं बदलली. पण 18 निवडणुकांत बाई एकदाही नाही! मताचा हक्क तर आपल्याला पहिल्या निवडणुकीपासून आहे. शेजारच्या इचलकरंजीनं 1999 आणि 2004 ला निवेदिता माने यांना दिल्लीला पाठवलं. मग कोल्हापूरला का जमू नये?

लोकसभेत बायकांना एक तृतीयांश जागा देणारा कायदा 2023 ला झाला. त्याची अंमलबजावणी जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेनंतर. पण कायदा जागा राखून ठेवील, उभी राहणारी बाई आपल्यातूनच यायला हवी. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा आपल्याच आहेत. तिथं नुसती सही करायची नाही, बोलायचं. पुढच्या ग्रामसभेत गटातर्फे कोण बोलणार, हे येत्या बैठकीतच ठरवा.