उसनवार शब्दांतील ‘ल’ आणि ‘ळ’ : मराठीच्या ध्वनि-इतिहासातील एक पुरावा

कोरियन भाषेत ‘र’ व ‘ल’ हे एकाच वर्णाचे स्थानपरत्वे होणारे उच्चार असल्यामुळे उसनवार शब्दांच्या आरंभी हा भेद लोपतो. मराठीत ‘र’, ‘ल’ व ‘ळ’ हे तीन स्वतंत्र वर्ण आहेत. संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत सामान्यतः ‘ळ’ झाला : फल-फळ, माला-माळ. अरबी-फारसीतून आलेल्या ‘माल’, ‘साल’, ‘वकील’ या शब्दांत मात्र ‘ल’ टिकला; कारण ते परिवर्तन तत्पूर्वीच घडून गेले होते. तथापि १५१० नंतर पोर्तुगीज संपर्कातून आलेल्या शब्दांत ‘पिस्तूल’ आणि ‘इस्पितळ’ अशी दोन्ही रूपे आढळतात. पुढे इंग्रजीतून ‘हॉस्पिटल’ आला, तो ‘ल’ राखूनच. सारांश, केवळ ‘ळ’वरून शब्दाचा काळ ठरविणे सदोष ठरते, ध्वनिनियमास कागदपत्रांची साक्ष आवश्यक आहे.