होशंगाबादच्या वर्गातील निर्णय

निर्णयशैली म्हणजे पर्यायांतून निवड करण्याची व्यक्तीची रुळलेली रीत. स्कॉट आणि ब्रूस या अभ्यासकांनी 1995 मध्ये तिचे तर्कनिष्ठ, अंतःप्रेरित, परावलंबी, टाळाटाळीचा आणि उत्स्फूर्त असे पाच प्रकार मांडले. मात्र विज्ञान शिकणाऱ्या मुलाने परावलंबन सोडून पुराव्यावरून स्वतः निष्कर्ष काढावा, हा आग्रह 1972 मध्येच मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 शाळांत, सहावी ते आठवीच्या वर्गांत, ‘किशोर भारती’ आणि रसुलियाच्या ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी प्रत्यक्षात आणला होता. त्यांच्या या विज्ञान शिक्षण कार्यक्रमातील ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकांत प्रयोगांची उत्तरे तयार दिलेली नसत, त्यामुळे मुलांच्या गटांना निरीक्षणे वहीत नोंदवून, आपसांत वाद घालूनच निर्णयाला यावे लागे. परीक्षेतही पुस्तक व वही उघडण्याची मुभा असे, शिवाय प्रयोगही करावे लागत. यश मोजण्याचे मापच असे पाठांतराकडून विचाराकडे वळवणे ही या कार्यक्रमाची सर्वांत मोलाची देणगी होय, कारण परीक्षा जुनीच राहिली तर स्वतंत्रपणे निर्णय घेणाऱ्या मुलाला गुणपत्रिकेत स्थानच उरत नाही. 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या सर्व शाळांत पोचला, 1982 मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने तो पुढे सांभाळला आणि 2002 मध्ये राज्य शासनाने तो बंद केला.