सातपुड्यापासून काळ्या पाण्यापर्यंत

खानदेशाला समुद्र नाही. आपली तापी तेवढी सुरतेपलीकडे जाऊन त्याला मिळते. तरीही चेन्नईहून निघालेली आमची बोट तीन दिवसांनी अंदमानच्या बंदरात शिरू लागली, तेव्हा मला आठवला तो शिरपूर-सेंधवा रस्ता.

या घाटाच्या राखणीचे काम खाज्या नाईकांकडे असे. १८५७ साली ते आणि भीमा नाईक इंग्रजांवर उठले, सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीला लढाई झाली. पकडलेल्या कितीतरी भिल्लांना गोळ्या घातल्या गेल्या. त्याआधी महिनाभर, १० मार्चला, डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन पोर्ट ब्लेअरला उतरला होता. भीमा नाईक पुढे नऊ वर्षे हाती लागले नाहीत. १८६७ मध्ये सापडले, काळ्या पाण्यावर गेले आणि १८७६ मध्ये तिथेच वारले.

बोटीवरची मंडळी कॅमेरे सरसावून सेल्युलर जेल शोधत होती. सावरकरांच्या कोठडीपुढे मीही हात जोडले. पण त्या तुरुंगाचे बांधकाम सुरू झाले १८९६ मध्ये, संपले १९०६ मध्ये. भीमा नाईकांनी तो पाहिलाच नाही! त्यांच्या काळचे कैदी रॉस, चॅथम, व्हायपर अशा बेटांवर ठेवीत. जंगल तोडायचे तेच, इमारती बांधायच्या त्याही त्यांनीच. रॉसवरच्या साहेबांच्या बंगल्यांना आता झाडांच्या मुळांनी विळखा घातला आहे. २०१८ पासून त्या बेटाला नेताजींचे नाव आहे. शहरही २०२४ पासून श्रीविजयपुरम झाले.

बेट दाखवणाऱ्या माणसाला मी भीमा नाईकांविषयी विचारले.

“कुठले?”

सातपुड्यातले, म्हटले. मग सातपुडा कुठे, तेही सांगावे लागले.