घरी भरलेलं काडतूस की तपासलेला लॉट? रायफलच्या अचूकतेमागचं गणित

सक्करदरा (नागपूर) : नेम कितीही पक्का असला तरी काडतुसं एकसारखी नसतील तर गोळ्या विखुरतात. म्हणून अमेरिका-युरोपात अनेक नेमबाज घरीच काडतुसं भरतात. आपल्याकडे मात्र हा प्रयोग थेट तुरुंगात नेऊ शकतो.

काडतुसात काय असतं?
पितळी कवच, टोपी, दारू आणि गोळी असे चार भाग. दारूचं वजन, गोळी बसवण्याची खोली आणि कवचाची जाडी दर वेळी सारखी असली की गोळीचा वेगही सारखा राहतो. 50 मीटरवर वेग सेकंदाला 330 ऐवजी 320 मीटर झाला, तर गोळी सुमारे 7 मिलीमीटर खाली लागते. ऑलिम्पिकच्या 50 मीटर रायफल प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ अवघं 10.4 मिलीमीटरचं असतं.

कायदा काय सांगतो?
शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगायचा परवाना त्यासाठी चालत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीला किमान 7 वर्षं ते जन्मठेप आणि दंड अशी शिक्षा आहे. शेतरक्षणासाठीची भरमार बंदूक निराळी. तिच्यात दारू नळीच्या तोंडातूनच भरतात. पण तिलाही परवाना हवाच, आणि रानडुक्कर मारायला वनविभागाची परवानगी लागते ती वेगळी.

धोका किती?
भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत 24 जानेवारी 2025 रोजी झालेल्या स्फोटात किमान 8 जणांचा जीव गेला. प्रशिक्षित कामगार असलेल्या कारखान्याची ही गत, तर घरच्या खोलीचं काय? दारू थोडी जास्त पडली तरी नळी फुटून हात-डोळे जातात.

मग अचूकता कशी साधायची?
कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. या प्रकारातलं .22 चं काडतूस पुन्हा भरण्यासारखं नसतंच. त्याचा स्फोटक मसाला कवचाच्या किनारीत असतो. त्यामुळे मोठे नेमबाज लॉट तपासतात. रायफल शिकंज्यात घट्ट बसवून वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडतात आणि ज्याची छिद्रं सर्वांत जवळजवळ पडतात तोच लॉट एकदम घेऊन ठेवतात.

नव्या खेळाडूनंही हेच करावं. डब्यावरचा लॉट नंबर वहीत लिहावा, दोन लॉट मिसळू नयेत, डबे कोरड्या जागी कुलपात ठेवावेत आणि चाचणी मान्यताप्राप्त रेंजवरच घ्यावी.

परवाना कुठे?
सक्करदऱ्यासह शहरात पोलिस आयुक्तालयात. उमरेड, कुही, भिवापूरसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात.