टाकीत काय आहे, हे कोणाला ठाऊक असते?

घातक पदार्थांच्या साठ्यावर सरकारने घातलेल्या निर्बंधांचा इतिहास सांगताना बहुधा कायद्यांची जंत्री दिली जाते. १८८४ चा स्फोटक पदार्थांचा कायदा, १९३४ चा पेट्रोलियम कायदा, १९४८ चा फॅक्टरी कायदा, १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखाली १९८९ साली आलेले घातक रसायनांचे नियम. जंत्री बरोबर आहे. पण ती वाचताना मला एकच प्रश्न पडतो. साठ्यात काय आहे हे कोणाला माहीत होते, आणि कोणाला कळू दिले नाही? या प्रश्नाच्या उजेडात पाहिले की हा इतिहास ज्ञानबंदीचा इतिहास ठरतो.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १४०० टन स्फोटके आणि त्यांच्या सोबतीला कापसाच्या हजारो गाठी भरल्या होत्या. स्फोटके वाहणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावावा, असा दंडक होता. युद्धाच्या धामधुमीत तो लावलाच गेला नाही. आग लागली आणि दुपारी चारनंतर लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. गोदीतले मजूर आणि आसपासच्या वस्तीतली माणसे शेकड्यांनी मेली. बातमीवर सेन्सॉर बसला. जहाजावर सोन्याच्या लगडी किती होत्या याची नोंद आहे; मेलेल्या माणसांचा नेमका आकडा मात्र आजही निश्चित नाही. कोणत्या गोष्टीची मोजदाद ठेवायची, हे व्यवस्थेने आधीच ठरवलेले असते.

चाळीस वर्षांनी भोपाळ घडले. युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत चाळीस टनांहून अधिक मिथाइल आयसोसायनेट साठवलेले होते. ते थंड ठेवणारी यंत्रणा १९८४ च्या जूनपासून बंद होती. वायू जाळून टाकणारी यंत्रणाही कामात नव्हती. पत्रकार राजकुमार केसवानी १९८२ पासून धोक्याची सूचना देत होते; ती कोणी मनावर घेतली नाही. कारखान्यासमोर जयप्रकाश नगरची झोपडवस्ती होती. भोवतालच्या अशा वस्त्यांत गरीब मुसलमान, दलित आणि मागास जातींचे मजूर राहत होते. २ डिसेंबरच्या मध्यरात्री वायू सुटला. वस्तीसाठीचा भोंगा उशिरा आणि थोडाच वेळ वाजला. ओले फडके तोंडावर धरावे, धावण्याआधी वाऱ्याची दिशा पाहावी, एवढे साधे ज्ञानसुद्धा त्या माणसांपर्यंत पोचलेले नव्हते. ती वायूने मेली, तशीच अज्ञानात ठेवल्यामुळेही मेली.

या मरणांतून कायदा शिकला, हे मान्य केले पाहिजे. १९८७ साली फॅक्टरी कायद्यात नवे कलम आले. त्यानुसार धोक्याची माहिती कामगारांना आणि शेजारच्या जनतेला देणे मालकावर बंधनकारक झाले. १९८९ च्या नियमांनी प्रत्येक रसायनाच्या साठ्याची मर्यादा ठरवली. मिथाइल आयसोसायनेटसाठी ती १५० किलो आहे. तेराव्या नियमाने कारखान्याच्या आतली आपत्कालीन योजना सक्तीची केली, चौदाव्याने बाहेरची. पंधरावा नियम सांगतो की, अपघाताची झळ ज्यांना पोचू शकते अशा बाहेरच्या माणसांना धोक्याचे स्वरूप आणि काय करावे, काय करू नये हे कळवले पाहिजे. १९९६ च्या नियमांनी जिल्ह्यात आणि स्थानिक पातळीवर संकट निवारण गट नेमले.

कागदावर एवढे सगळे आहे. तरी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे १९१६ नव्हे, मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट होऊन माणसे मेलीच. मी एका औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या वस्तीत अभ्यासवर्ग घेतो. भिंतीपलीकडे काय साठवले आहे, असे मी तिथल्या मुलांना विचारले. एकाने उत्तर दिले, "सर, वास येतो तेवढंच माहीत." पंधराव्या नियमाचा त्या वस्तीतला अर्थ एवढाच!

इथे आपला इतिहास उपयोगी पडतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी तळे बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग माणसे तळ्यावर गेली, तेव्हा त्या कागदात जीव आला. हक्क लिहिला जाणे आणि हक्क बजावला जाणे यांत किती अंतर असते, हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

गावकुसाबाहेर ठेवलेला समाज आज कारखान्याच्या कुंपणाबाहेर राहतो आहे. म्हणून प्रत्येक वस्तीने जिल्हाधिकाऱ्यांकडे बाहेरची आपत्कालीन योजना मागावी, मराठीत मागावी. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा हाताशी आहे. शिक्षकांनी ती योजना वर्गात वाचावी, कार्यकर्त्यांनी ती चौकात लावावी. तळ्याचे पाणी आपण मागितले ते माणूस म्हणून. टाकीत काय आहे हे जाणून घेण्याचा हक्कही त्याच नात्याने आपला आहे.